पार्कची माती

'पार्क स्टेडियमचं रूप पालटलंय, एकदा जाऊन बघा,' असं संपादकांनी सांगितलं. कॉलेजात माझ्याबरोबर फुटबॉल खेळलेल्या दोघा मित्रांना घेऊन गेलो. आमचा सगळा खेळ मुरमावर झाला. घसरून चेंडू काढला की गुडघ्याचं सालपट निघालंच. त्यामुळे गॅलरीखालून आत शिरल्यावर समोरची हिरवीगार हरळी बघून एकजण खालीच बसला. गवतावरून हात फिरवत म्हणाला, "बघ बे, आपल्याला हिच्यावर पडायला मिळालं असतं तर!"

कागदोपत्री हे सोलापूर महापालिकेचं इंदिरा गांधी स्टेडियम. गावाच्या तोंडी नुसतं 'पार्क'. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि गड्ड्याच्या जत्रेचं होम मैदान इथून हाकेच्या अंतरावर. २०१६ मध्ये सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्यातून मैदानाचं काम झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना इथे रंगला. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक ठोकणारे पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरातच जन्मले. क्रिकेटचा मान इथे जुना आहे.

मला मात्र गॅलरीपेक्षा खेळपट्टीपाशी उकिडवे बसलेले, मैदानाची निगा राखणारे मामा जास्त महत्त्वाचे वाटले. खेळपट्टीला आदल्या दिवशी पाणी दिलं होतं. मामा दर थोड्या वेळाने अंगठा दाबून बघत होते. अंगठ्याला माती चिकटली तर अजून थांबायचं. ठसा उमटला पण अंगठा कोरडा राहिला, की रोलर. आधी हलका, मग माती आवळत जाईल तसा जड. घाई केली तर ओली माती रोलरबरोबर उचलून येते. उशीर झाला तर कितीही फिरवा, वरवर पॉलिश होतं, आतली माती सैलच राहते. ही नेमकी वेळ कुठलं यंत्र मामांना सांगत नाही. एवढ्या कामासाठी ते सकाळपासून उन्हात होते.

खेळपट्टीला लागते ती चिकण काळी माती. पाण्याने फुगणारी, वाळली की आकसून भेगाळणारी. जिल्ह्याला ती नवी नाही. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारी उभी राहते ती याच मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाणही अशाच जमिनीचं. शेतकऱ्याला जी भेग नको असते ती मामांनाही नको असते. फरक इतकाच, की शेतकरी कोळपून माती मोकळी करतो आणि मामा ती दाबून घट्ट करतात.

मित्राने अखेर विचारलंच, "मामा, फुटबॉल का नाही होत इथं?"

मामांनी मान हलवून मधला पट्टा दाखवला. हिशेब साधा आहे. खेळपट्टी दोन्ही यष्ट्यांमध्ये २०.१२ मीटर. फुटबॉलच्या मैदानातलं मधलं वर्तुळ १८.३० मीटर व्यासाचं. मैदानाच्या मधोमध फुटबॉल आखला, तर सामन्याची पहिली किक खेळपट्टीवरच बसते. आणि सगळ्यात जास्त झटापट याच पट्ट्यात होते. पावसानंतर खिळ्यांच्या बुटांनी बावीसजण तिथे दीड तास धावले, की मामांची कित्येक दिवसांची मेहनत उखडली. त्यांच्या नकाराचा मला राग आला नाही. राग आला तो गावात दुसरी हरळी नाही याचा.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ चं, एकाच जिल्ह्यापुरतं. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडलेली पोरं पुढे पश्चिम विभागात गवतावर सराव केलेल्या संघांशी भिडतात. मुरमावर शिकलेल्या पोराला चेंडूची वेगळी उसळी अंगवळणी पडलेली असते आणि तो घसरून टॅकल करायला कचरतो. हे आम्ही अंगावर सोसलंय. विद्यापीठाच्या केगावच्या आवारात जागा आहे. गवताचं एक चांगलं फुटबॉल मैदान तिथे व्हायलाच हवं.

पण गवत म्हणजे पाणी, आणि सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की बोलणं थांबतं. शहराला पाणी येतं साधारण ११० किलोमीटरवरच्या उजनीतून, आणि घरोघरी ते काही दिवसांआड. सत्तर मीटर त्रिज्येच्या मैदानावर दिवसाला अवघं पाच मिलिमीटर पाणी शिंपायचं म्हटलं, तरी ७७ हजार लिटर होतात. दहा हजारी टँकर सात-आठ, तेही रोज. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की तेवढंही पुरत नाही. नळावर हंडे लावून बसलेल्या बाईसमोर हा आकडा मला उच्चारवणार नाही.

वाट एकच दिसते: प्रक्रिया केलेलं सांडपाणी. मामांना विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले नाहीत. "त्यात खार असतो," म्हणाले. खरं आहे, पण हरळी बऱ्यापैकी खार सोसते. सोसत नाही ती खेळपट्टीची माती. आणि मधल्या सहाशे चौरस मीटरला त्याच हिशेबाने लागतात तीन हजार लिटर. तेवढं गोडं पाणी निराळं ठेवता येतं. फुटबॉलच्या मैदानाला तर तेही नको.