कपाटाला रंग की पॉलिश?

फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली. साहित्याचे मूळ रूप हीच तिची शोभा होती. स्वयंपाकघरातल्या कपाटालाही हाच न्याय लावावा का? ते लाकूड पाहून ठरवावे.

सागात मुळातच तेल असते, वाळवी त्याला सहसा लागत नाही. त्याच्या रेषा रंगाखाली झाकू नयेत, पॉलिश पुरे. मात्र चपडीच्या पॉलिशवर गरम भांड्याचे पांढरे डाग पडतात. शेगडीजवळ पीयू बरे. आंब्याचे लाकूड किंवा एमडीएफ असेल तर ऑइलपेंट द्यावा. फोडणीचा तेलकटपणा आत मुरत नाही, पुसताही येतो. खानदेशी उन्हात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. सांध्यांवर रंगाला चिरा पडणारच.

जुने रंगीत कपाट घासून लाकूड उघडे करण्याचा मोह होतो. तिथे जपावे. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. कोरडे घासल्यास त्याची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. जुना रंग घट्ट असेल, तर ओला पॉलिशपेपर हलका फिरवून त्यावरच नवा हात द्यावा. घरात मूल असेल तर लाकडाच्या रेषा झाकलेल्याच बऱ्या.