बद्द वाजणारं कडं

कडं आईनं नीट निरखलंही नाही. दोऱ्याला टांगलं, चमच्यानं हलकेच टिचकी दिली, कान पुढे केला आणि म्हणाली, "बद्द वाजतंय."

भाच्याच्या वाढदिवसासाठी मोबाईलवरून मागवलेलं होतं ते. आमच्याकडे पार्सल यायचं म्हणजे आधी ते रायगडातल्या कर्जतला जाऊन येत नाही ना, हीच धाकधूक. (सिद्धटेकच्या गणपतीचं, राशीनच्या यमाईचं कर्जत ते आमचं, असं कितीदा सांगायचं!) कड्याच्या आत 925 चा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचा, छापही होता.

टिचकीची परीक्षा जुनीच. चांदीचा बंदा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. घेणारा तो वाजवूनच घ्यायचा. 'खणखणीत नाणं' म्हणतो ते त्यामुळेच. चांदी कानानं ओळखायची, हातात तोलायची, कसोटीवर घासायची. मोबाईलवर मात्र नुसते डोळे उरतात, आणि पांढऱ्या चकाकीला डोळेच सगळ्यात आधी फसतात.

आईचा कान मला पुरेना. काट्यावर कडं भरलं 63 ग्रॅम. मग त्याच काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं कडं पाण्यात बुडतं सोडलं, तळाला न टेकवता. काट्यावर उमटले 9. कड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. म्हणजे कड्याचं आकारमान 9 घन सेंटीमीटर. 63 भागिले 9, सात. शुद्ध चांदीची घनता 10.49, आणि 925 ची त्याहून जराशीच कमी. खरं कडं असतं तर काट्यावर जेमतेम 6 दिसले असते! सात म्हणजे जस्ताचं कुळ, वर पातळ मुलामा. आर्किमिडीजची ही युक्ती बावीसशे वर्षांपूर्वीची, आमच्या ओट्यावर दोन मिनिटांत झाली. कडं भरीव होतं म्हणून जमलं. घुंगरांच्या पैंजणात हवा अडकते आणि हिशेब चुकतो.

बर्फाची परीक्षा आणखी मजेशीर. चांदीइतकी उष्णता वाहणारा दुसरा धातू नाही, म्हणून तिच्यावर ठेवलेला बर्फाचा खडा बघता बघता पाणी होतो. तांबं तिच्या जेमतेम एक पाऊल मागे. पण त्याच तांब्यात निकेल आणि जस्त मिसळून 'जर्मन सिल्व्हर' करा (नावात चांदी, आत औषधालाही नाही), की उष्णता वाहण्याची ताकद तांब्याच्या दहाव्या हिश्शाखाली घसरते. धातूत उष्णता नेतात इलेक्ट्रॉन. शुद्ध धातूत अणूंच्या रांगा दिंडीसारख्या सरळ, इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात. परके अणू मध्ये घुसले की पावलोपावली धक्के. पण तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर बर्फही फसतो, हे ध्यानात ठेवा. चुंबकाचंही तसंच: चिकटलं तर चांदी नव्हे, न चिकटलं म्हणून चांदी असंही नव्हे.

छापाचं काय? नुसता 925 कुणीही ठोकू शकतो. हॉलमार्कमध्ये बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक असतो, जो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक, तेव्हा मागून घ्यावा लागतो. माझ्या कड्यावर 925 सोडून यातलं काहीच नव्हतं. मग उरली तक्रार. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालायला नकोत. वजनाचा व्हिडिओ पाठवला, पैसे परत आले.

या गडबडीत आईनं आजीचा करदोडा काढला. काळाकुट्ट. मी म्हटलं, हाही खोटा. आई हसली. हवेतल्या, घामातल्या, कांदा-अंड्यातल्या गंधकाशी चांदीचं जमतं आणि वर काळं सिल्व्हर सल्फाइड चढतं. म्हणजे काळं पडणं हा खोटेपणाचा पुरावा नव्हेच. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली, करदोडा तिला टेकवून ठेवला, खायचा सोडा आणि कढत पाणी घातलं. ॲल्युमिनियमनं गंधक चांदीकडून काढून घेतलं आणि चांदी होती तिथंच राहिली. काळेपणा डोळ्यांदेखत उतरला. स्वयंपाकघरात सडक्या अंड्याचा वास सुटला, आणि आईनं नाकाला पदर लावून खिडकी उघडली.