दार न तोडता तपास

‘कुछ तो गडबड है’ म्हणत एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवणार, दया दार तोडणार, मग आरोपीच्या कानाखाली एक बसणार आणि तो पोपटासारखा बोलणार! १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं ‘सीआयडी’ चालली. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली, तेव्हा घराघरात पुन्हा टीव्हीसमोर बैठक जमली. शिवाजी साटमांवरचं आपलं प्रेम कायम राहणारच. पण सुट्टीत जरा वेगळी चव घ्यायची असेल, तर एखादी ब्रिटिश पोलिस मालिका लावून बघा.

इथं दार सहसा कुणी तोडत नाही. बेल वाजवतात, आत बसतात, चहा घेतात आणि प्रश्न विचारतात. एकेक भाग दीड तासाचा, त्यामुळं घाई नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्स्पेक्टर मोर्स’चे तेरा वर्षांत भाग किती? फक्त ३३! पुढं त्याच्या सहकाऱ्याची ‘लुईस’ आली, मग मोर्सच्या तरुणपणाची ‘एंडेव्हर’. ती २०२३ मध्ये संपली. एकाच ऑक्सफर्ड शहरात ही गोष्ट रंगत राहिली.

खरी मजा बघायची तर हेलन मिरेनची ‘प्राइम सस्पेक्ट’ (१९९१) बघा. संशयित सुरुवातीलाच हाताशी असतो, पण पुरावा पुरत नाही. म्हणून जेन टेनिसनला त्याला सोडावं लागतं. वर ‘बाई काय तपास करणार’ म्हणणारे सहकारी! चौकशीच्या खोलीत रेकॉर्डर चालू, आरोपीशेजारी वकील. कानाखाली काढायचा विषयच नाही.

‘तिकडचं ठीक आहे हो, आपल्याकडं असं कुठं चालतं?’ असं वाटेल. पण कायदा काय म्हणतो बघा. पोलिसांपुढं दिलेली कबुली आपल्या कोर्टातही आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यामुळं एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग धरतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे दयाच्या एका थपडेत सुटलेली केस कोर्टात टिकणं अवघडच! ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात आलंय. अशा वेळी ‘चार फटके टाका, आपोआप बोलेल’ असं कट्ट्यावर सहज म्हणण्याआधी थोडा विचार करायला हरकत नाही. फटक्यांच्या भीतीनं निर्दोष माणूसही कबूल होतो आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो.

सुरुवात कुठून करायची? ‘व्हेरा’पासून करा. टोपी आणि चुरगाळलेला कोट घातलेली ही अधिकारीणबाई २०११ ते २०२५ इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावागावांत तपास करत हिंडली. तिकडची बोली आपल्या कोल्हापुरीइतकीच रांगडी, तेव्हा सबटायटल्स चालू ठेवा. कानाला इंग्रजीची सवय होईल, ती वेगळीच.

आणि एक करा. शेवटची पंधरा मिनिटं उरली की पॉज करा आणि रूमवरच्या प्रत्येकाला विचारा, खुनी कोण? ‘तोंडावरूनच कळतंय की!’ हे उत्तर बाद. पुरावा काय, तेवढं सांगायचं.