एका गुहेचं वटवाघूळ

अंकुशनगरला संध्याकाळी जायकवाडीच्या कालव्यावर थांबलं की पाकोळ्या दिसतात. पाण्याला घासून जातात, उडता उडताच घोटभर पितात आणि उसाच्या फडाकडे वळतात. पाकोळी हे नाव आपण एका पक्ष्यालाही दिलंय, म्हणून यांनाही पक्षी समजतात. ही वटवाघळं आहेत, पिलाला अंगावर पाजणारी. ती आंधळी नसतात, माणसाच्या केसांशी त्यांना काही देणंघेणं नसतं. फळं खातात ती वडावर लटकणारी मोठी वटवाघळं. पाकोळ्या पतंग, भुंगेरे, डास खातात. भुंगेऱ्यांच्या अळीने, म्हणजे हुमणीने, ज्याचा ऊस खाल्लाय, त्याने तरी त्यांना दगड मारू नये.

अशाच किडे खाणाऱ्यांपैकी एकाचं नाव रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट. बेळगावच्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या जंगलात बारापेडे गुहा आहे. 1911 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या काळात हे वटवाघूळ इथे मिळालं आणि 1913 मध्ये ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. कान एवढे मोठे की पुढे झुकून चेहरा झाकतात. पुढची कित्येक दशकं ही एकच गुहा त्याचा पत्ता होती. समुद्रातल्या बेटावर अडकलेल्या जिवासारखी त्याची गत.

नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीतला त्याचा ‘अतिसंकटग्रस्त’ शिक्का गेला, ‘अपुरी माहिती’ असा आला. लोक इथेच फसतात. शिक्का बदलला म्हणजे धोका टळला असं नाही. किती उरलीत हेच पुरेसं ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे.

‘जंगल राखलं की झालं’ हाही गैरसमजच. 2011 मध्ये या गुहेच्या परिसरात भीमगड अभयारण्य झालं, तेही हवंच होतं. रात्री किडे मिळतात ते रानातूनच. पण दिवसा त्याला लागते अंधारी, शांत गुहा: छतातल्या खोबणी, जिथे थवा एकमेकांना बिलगून बसतो, आणि झेप घ्यायला पुढे मोकळी जागा. पंख लांब नि अरुंद, त्यामुळे उंचावरून खाली झोकून दिल्यावरच त्याला वेग येतो. आत शेकोटीचा धूर झाला, टॉर्च घेऊन घोळका शिरला, तर लहान पिलं खाली पडतात. वटवाघळाची मादी सहसा वर्षाला एकच पिलू देते. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका सहलीने झालेलं नुकसान भरून यायला वर्षं लागतात.