शिफारसपत्र मागण्याआधी कमवावे लागते

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की आपल्या धर्मग्रामांतील काही युवक-युवतींच्या घरी एक नवा प्रश्न उभा राहतो. पुढील शिक्षणासाठी बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी अर्ज करावयाचा असतो आणि अर्जात लिहिलेले असते की दोन अथवा तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडावीत. मग आई-वडील विचारात पडतात. आपल्या ओळखीचे कोण आहे? फादरांचे पत्र चालेल काय? कुणाकडून शब्द टाकता येईल?

येथेच पहिली गल्लत होते. आपल्याकडे ‘शिफारस’ हा शब्द ‘वशिला’ या अर्थाने इतका रुळला आहे की शिफारसपत्र म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाची सही, असे आपण धरून चालतो. वास्तविक शिफारसपत्र ही एक साक्ष असते. साक्षीदाराने जे स्वतः पाहिले तेवढेच त्याने सांगावयाचे असते. ज्या प्राध्यापकाने आपले काम पाहिलेच नाही, तो कितीही मोठ्या पदावर असला तरी त्याच्या पत्रात सांगण्यासारखे काही नसते. म्हणून चांगले पत्र मिळविण्याची सुरुवात प्रथम वर्षातच होते.

एक थोर उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन या बाबतीत बोलके आहे. मुंबईच्या चर्नी रोड येथील बागेत नेमाने वाचत बसणारा हा मुलगा शिक्षक व ग्रंथकार कृ. अ. केळुसकर यांच्या नजरेस पडला. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्याच्याविषयी शब्द टाकण्यात केळुसकरांचाच पुढाकार होता. १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अभ्यास केला. १९२० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा इंग्लंडला गेले, तेव्हा याच सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आंबेडकरांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावनाही सेलिग्मन यांचीच आहे. केळुसकरांनी मुलाचे वाचन पाहिले होते आणि सेलिग्मन यांनी विद्यार्थ्याचे संशोधन. दोघांच्या शब्दांना वजन आले ते या पाहण्यामुळे.

वऱ्हाडातील अडचण

आपल्या भागातून दूरच्या विद्यापीठात जाण्याची वाट नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेची परंपरा तर १९२३ पर्यंत मागे जाते. तरीही आपल्या मुलांची अडचण खरी आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचा विस्तार पाच जिल्ह्यांत आहे. त्याच्या अनेक संलग्न महाविद्यालयांत वर्ग मोठे असतात, लेखी परीक्षा विद्यापीठ घेते आणि प्राध्यापकाला विद्यार्थी अनेकदा केवळ हजेरीपटावरील क्रमांक म्हणून ठाऊक असतो. त्यातच कित्येक अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात व वर्षभराने दुसरीकडे जातात.

यावर उपाय एकच. आपले काम प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर येईल अशी संधी स्वतः शोधावी. प्रयोगशाळेतील वही, परिसंवादातील निबंध, प्रकल्प, क्षेत्रकार्य ही ती स्थाने होत. नव्या शैक्षणिक धोरणाने अशा कामांना अभ्यासक्रमात अधिक जागा दिली आहे. कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात खेड्यात राहून काम करावे लागते. तेथे मार्गदर्शक अध्यापकाला विद्यार्थ्याची खरी पारख होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. तिच्या अर्जासोबतही शिक्षकाची शिफारस लागते. तेव्हा ही गरज केवळ परदेशी जाणाऱ्यांची आहे असे समजू नये.

समर्थ पत्र कसे असते?

‘हा विद्यार्थी हुशार, मेहनती व नम्र असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा,’ अशा मजकुराने निवड समितीला काहीच कळत नाही. आता दुसरा नमुना पाहावा: ‘या विद्यार्थिनीने गुलाबी बोंडअळीच्या प्रकल्पात आठ आठवडे कामगंध सापळ्यांची नोंद ठेवली. एका आठवड्याचे आकडे चुकल्याचे तिने स्वतःहून मला सांगितले आणि ते अहवालातून वगळले.’ दोनच वाक्ये, परंतु त्यांतून चिकाटी आणि प्रामाणिकपणा दोन्ही दिसतात. म्हणून पत्र मागताना विभागप्रमुख की प्राचार्य, हा प्रश्न गौण मानावा. ज्यांनी काम पाहिले त्यांनाच विनंती करावी.

विनंतीची रीत

किमान एक महिना आधी प्रत्यक्ष भेटावे. ‘सर, आपण माझे काम पाहिले आहे, त्याच्या आधारे आपण माझी ठामपणे शिफारस करू शकाल का?’ असे नम्रपणे विचारावे. प्राध्यापकांनी संकोच दाखविला तर आग्रह धरू नये. अनिच्छेने लिहिलेले पत्र नुकसानच करते. होकार मिळाल्यास गुणपत्रिका, प्रकल्पाचा अहवाल, परिचयपत्र, अर्जातील हेतुनिवेदन आणि संस्थांची नावे व अंतिम तारखा यांची यादी एकत्र द्यावी.

आजकाल अनेक संस्था विद्यार्थ्याच्या हाती पत्र मागत नाहीत. त्या प्राध्यापकांच्या ई-मेलवर थेट दुवा पाठवितात आणि शक्यतो महाविद्यालयाचा अधिकृत ई-मेल असावा अशी अपेक्षा ठेवतात. हे आधीच विचारून घ्यावे. अधिकृत पत्ता नसेल तर काय चालेल, हे संबंधित संस्थेकडूनच लेखी विचारावे. अमेरिकेतील अर्जात ‘हे पत्र पाहण्याचा हक्क आपण सोडता काय’ असाही प्रश्न असतो. हक्क सोडला म्हणजे प्राध्यापकांनी मोकळेपणाने लिहिले असावे, असा विश्वास वाचणाऱ्याला वाटतो. तासिका तत्त्वावरील अध्यापक महाविद्यालय सोडून जाण्याआधी त्यांचा संपर्क घेऊन ठेवावा. आपण कोणत्या वर्षी काय शिकविले हे नमूद करून ते नंतरही लिहू शकतात.

‘तूच लिहून आण’

वेळेअभावी काही प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थ्याला हे सोयीचे वाटते. पण स्वतःच स्वतःची साक्ष लिहून दुसऱ्याच्या नावाने सादर करणे योग्य नव्हे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी शिकलो, ती येथेही लागू होते. शिवाय तीनही पत्रांची भाषा एकसारखी दिसली की निवड समितीला संशय येतो आणि मग खऱ्या गुणांवरही विश्वास बसत नाही. अशा वेळी सरांसमोर आपल्या कामाचे मुद्दे व तारखा यांचे टिपण ठेवावे आणि म्हणावे, ‘सर, आपला वेळ वाचावा म्हणून हे आणले आहे; शब्द मात्र आपलेच असावेत.’ बहुतेक शिक्षक ही विनंती मान्य करतात.

फादरांच्या पत्राविषयीही एक शब्द. धर्मगुरू आपल्या वर्तनाविषयी, युवक मंडळातील वा धर्मशिक्षण वर्गातील सेवेविषयी खात्रीने लिहू शकतात. जेथे चारित्र्याविषयी विचारणा असते तेथे ते उपयोगी पडते. प्रयोगशाळेतील कामाची साक्ष मात्र ते देऊ शकत नाहीत. तशी गळ त्यांना घालू नये.

पत्र गेल्यावर आभार मानावेत आणि निकाल काहीही लागो, तो प्राध्यापकांना कळवावा. आपल्या मागून त्याच वर्गात बसणाऱ्या एखाद्या मुलासाठी ते पुन्हा लेखणी उचलतील, तेव्हा आपल्या वागण्याची आठवण त्यांच्या मनात असेल. पालकांनीही आजपासून मुलांना ‘कोण ओळखीचे आहे?’ असे न विचारता ‘तुझे काम कोणत्या सरांनी, कोणत्या मॅडमनी पाहिले आहे?’ असे विचारावे, एवढीच आमची विनंती.