दोन याद्या, एक शिफ्ट

दुपारी 1.30

फोनवरून सर्वेक्षणं करणारं हे कॉल सेंटर अमेरिकेतल्या युटा राज्यातलं. या धंद्याला युटा सोयीचं, कारण कॉलेजची पोरं बेताच्या पगारात मिळतात. शिवाय त्यातली बरीच मोरमन चर्चसाठी दीड-दोन वर्षं अनोळखी दारं ठोठावून आलेली असतात. कुणी फोन आपटला तरी त्यांचं काही बिघडत नाही. आपल्या गोष्टीतली मुलगी त्यांतलीच. तिला नाव देत नाही, कारण हा दिवस कुणा एकीचा नाही, अशा खोल्यांत काम कसं चालतं त्यावरून जुळवलेला आहे. काळ घराघरांत लँडलाइन वाजत होती तेव्हाचा. मतदानाला पाच दिवस उरलेत.

दुपारी 2

सुपरवायझर पहिलं काम समजावतो. यादी न्यू हॅम्पशायरची, मुलाखती 500, प्रत्येकी साधारण वीस मिनिटं. पडद्यावर येईल ते शब्दशः वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. पैसे कोण देतंय हे तिला सांगत नाहीत. त्यात काळंबेरं असतंच असं नाही. गिऱ्हाईक कोण हे कळलं की विचारणाऱ्याचा आवाज नकळत एका बाजूला झुकतो, म्हणून सचोटीच्या सर्वेक्षणातही ही माहिती झाकून ठेवतात. ही चांगल्या हेतूची रीत संध्याकाळी कुणाच्या पथ्यावर पडते ते पुढे येईलच.

दुपारी 2.30 ते 4.45

पूर्वेकडे घड्याळ दोन तास पुढे, त्यामुळे सुरुवातीला फोन उचलतात ती निवृत्त मंडळी. बोलायला वेळ असलेली, आणि चिडायलाही. ‘या उमेदवाराने करवाढीच्या बाजूने मत दिलं होतं हे कळल्यावर तुम्ही त्याला मत देण्याची शक्यता वाढते, कमी होते, की काही फरक पडत नाही?’ असे दहा-बारा प्रश्न, दोन्ही उमेदवारांबद्दल. मग वय, शिक्षण, उत्पन्न, मागच्या वेळी कुणाला मत दिलं. सातव्या प्रश्नाला एक आजोबा उखडतात : ‘हा सर्व्हे आहे की प्रचार?’

आजोबांचा संशय रास्त आहे, पण हा सर्व्हेच आहे. टीव्हीवरच्या जाहिरातीत पैसा ओतण्याआधी कोणता आरोप लागू पडतो आणि कोणता उलटतो, हे उमेदवार असं तपासून घेतात. इथे उत्तराला किंमत आहे. ऐकणाऱ्याला मात्र हा फरक कळायला मार्ग नाही. नोव्हेंबर 2007 मध्ये न्यू हॅम्पशायर आणि आयोवातल्या मतदारांना राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या मिट रॉम्नी यांच्या मोरमन धर्माबद्दल असेच लांबलचक फोन आले आणि गदारोळ उठला. फोन करणारी कंपनी निघाली युटाचीच. आम्ही पुश पोल, म्हणजे सर्व्हेच्या नावाखाली प्रचार, करत नाही, असं तिने सांगितलं. न्यू हॅम्पशायरच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी सुरू केली, कारण पुश पोल करणाऱ्याने तो कुणासाठी करतोय हे फोनवरच सांगितलं पाहिजे, असा त्या राज्यात कायदा आहे.

4.45

सुट्टी. मशीनमधली चिप्सची पुडी.

संध्याकाळी 5

दुसरं काम. यादी साउथ कॅरोलायनाची, पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देणाऱ्यांची, चांगली जाडजूड. ती विचारते, ‘मुलाखती किती करायच्या?’

‘आकडा नाही. यादी संपवायची.’

खरं तर सगळं या एका वाक्यात आलं. राज्याचा कल कळायला पाचशे ते हजार माणसं पुरतात; त्याहून जास्त फोन म्हणजे जास्त खर्च, आणि उमेदवार इतका उधळा नसतो. यादी संपवायची आहे, म्हणजे समोरच्याने काय ऐकायचं ते ठरलेलं आहे. त्याचं मत कुणालाच नको आहे.

5.10 ते 6.30

एक फोन चाळीस सेकंदांत उरकतो. दोन साधे प्रश्न, आणि तिसरा ‘असं असं तुम्हाला कळलं तर?’ या थाटाचा. आरोप पूर्ण विधान म्हणून कुठेच येत नाही, ‘तर’च्या आडून येतो, त्यामुळे खोटं बोललात म्हणून पकडायला गेलं तर हाती लागतो नुसता प्रश्न. वय-उत्पन्नाचे रकाने नाहीत. ‘हो’ दाबा नाहीतर ‘नाही’, पुढचा पडदा तोच. सर्वेक्षणवाल्यांच्या संघटनांनी 1990च्या दशकातच या प्रकाराचा निषेध केला. पण ही सर्वेक्षणाची वाईट जात आहे असं मानणं मला पटत नाही. हा सर्वेक्षणाचा गणवेश चोरून घातलेला प्रचार आहे.

याच साउथ कॅरोलायनात फेब्रुवारी 2000 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे जॉन मकेन न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक जिंकून आले होते. सिंडी मकेन यांनी ढाक्याच्या अनाथाश्रमातून आणलेली, पुढे दोघांनी दत्तक घेतलेली सावळी मुलगी त्यांच्या घरात वाढत होती. मकेनना एका कृष्णवर्णीय बाईपासून अनौरस मूल झालं असेल तर, असं विचारणारे फोन मतदारांना आल्याचं सांगितलं गेलं. स्पार्टनबर्गच्या सभेत एक आई उठली : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने फोन उचलला, आणि तुम्ही लबाड आहात असं त्याला ऐकवलं गेलं. 19 फेब्रुवारीच्या मतदानात त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज डब्ल्यू. बुश 53 टक्के, मकेन 42. बुश यांच्या मोहिमेने अशा फोनशी संबंध नाकारला. ते कुणी करवले हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

6.30

यादीतला एक वकील तिला विचारतो, ‘तुला पैसे कोण देतंय?’ ती कंपनीचं नाव सांगते, कारण तिला तेवढंच ठाऊक आहे. कंपनीला काम देणारा सल्लागार, सल्लागाराला पैसे देणारी समिती, समितीमागे उमेदवार असेल किंवा त्याला न विचारता उत्साह दाखवणारे हितचिंतक. प्रत्येक कडीला फक्त शेजारची कडी माहीत. पुढे उमेदवार शपथेवर ‘मला कल्पना नव्हती’ म्हणतो, ते कधीकधी खरंही असतं. तशी सोय आधीच केलेली असते.

साखळी उलगडल्याचं ठळक उदाहरण फ्लोरिडाचं. 1994 मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे लॉटन चाइल्स विरुद्ध रिपब्लिकन जेब बुश. शेवटच्या दिवसांत ज्येष्ठ नागरिकांना बुश यांच्या विरोधात फोन गेले, तेही भलत्याच संघटनांच्या नावाने. चाइल्स सुमारे 64 हजार मतांनी निवडून आले. वर्षभराने, 1995 मध्ये, त्यांच्या मोहिमेनेच कबुली दिली : फोन आमचे होते, सुमारे 70 हजार. त्या फोनांनीच निकाल फिरला असं मी म्हणणार नाही, तसा हिशेब मांडता येत नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही अस्वस्थ व्हायला होतं. आणि हे चाइल्स म्हणजे पायी राज्य पालथं घालून सिनेटवर निवडून आलेले, साधेपणासाठी नावाजलेले गृहस्थ. हा उद्योग ठरावीक पक्षच करतो असं मानणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

संध्याकाळी 7

पूर्वेला नऊ वाजले, आता तिकडे फोन करायचे नाहीत. न्यू हॅम्पशायरच्या मुलाखतींची फाइल विश्लेषकाकडे जाते. साउथ कॅरोलायनाच्या यादीपुढे फक्त ‘उचलला’ आणि ‘उचलला नाही’. बिल ‘उचलला’वर निघेल.

कॅलिफोर्नियात अजून सहाच वाजलेत. पडद्यावर तिसरं काम येतं : विमा कंपनीच्या सेवेला एक ते दहापैकी किती गुण द्याल?