विद्यार्थी साहाय्य सेवा

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास आपले शिक्षण निर्वेधपणे पुरे करता यावे, यासाठी अध्यापनाखेरीज पुरविण्यात येणाऱ्या संघटित सोयींना विद्यार्थी साहाय्य सेवा म्हणतात. निवास व भोजन, आर्थिक साहाय्य, आरोग्य, समुपदेशन, व्यवसाय-मार्गदर्शन, तक्रारनिवारण आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विशेष सोयी यांचा त्यांत प्रामुख्याने अंतर्भाव होतो.

पूर्वपीठिका : परगावी शिकावयास जाणाऱ्या मुलाच्या अन्नाचा व निवाऱ्याचा प्रश्न महाराष्ट्रात आधुनिक महाविद्यालयांहून जुना आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात घरी जेवून, विद्या संपादन करीत. ही सोय बहुधा ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होती व यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे. इतर जातींतील मुलांना शहरात राहण्यास जागा मिळणेही दुरापास्त होते. वसतिगृहांची चळवळ या उणिवेतून उभी राहिली.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्यांच्या आश्रयाने पुढे जैन, लिंगायत, मुसलमान इ. समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये तत्कालीन अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले (जि. सातारा) येथे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकाच पंक्तीत जेवत. स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामेही तीच करीत. या मुलांच्या भोजनखर्चासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. सातारा येथे १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही अवलंबिण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह चालविले. त्यांनी मुंबईत १९४६ मध्ये स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना १९४४ मध्ये सुरू झाली. पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असेच कार्य केले.

शैक्षणिक भूमिका : अमेरिकेत १९३७ मध्ये तेथील शिक्षण परिषदेने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नव्हे, तर समग्र व्यक्तिमत्त्वाचा विचार शिक्षणसंस्थेने करावा, अशी भूमिका मांडण्यात आली. भारतात विद्यापीठ शिक्षण आयोगाने (राधाकृष्णन आयोग, १९४८-४९) विद्यार्थ्यांचे आरोग्य, निवास व कल्याण यांचा विचार केला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) याही पुढे जाऊन, या सेवा म्हणजे केवळ कल्याणकार्य नसून त्या शिक्षणाचाच अविभाज्य भाग आहेत, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या संस्थापकांनी हेच तत्त्व त्यापूर्वी अनेक वर्षे प्रत्यक्षात आणले होते.

सेवांचे स्वरूप : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये राज्यातील विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. ‘कमवा व शिका’ योजनेखाली विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, उद्यान इ. ठिकाणी दररोज काही तास काम करतो व त्याला तासांच्या हिशेबाने मोबदला मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. उतरंड, लेखनिक व परीक्षेत जादा वेळ या सोयी त्यास पूरक ठरतात. समुपदेशक विद्यार्थ्याची अडचण गोपनीय राखून ऐकतो, त्याला स्वतःचा निर्णय घेण्यास मदत करतो आणि आजाराची लक्षणे आढळल्यास त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे आवश्यक आहे.

मूल्यमापन : सेवा कागदोपत्री असणे आणि ती गरजूस वेळेवर मिळणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षअखेरीस हाती आली, तरी खाणावळीचे बिल दरमहा द्यावेच लागते. मधल्या काळात कर्ज काढणे किंवा शिक्षण सोडणे एवढेच पर्याय विद्यार्थ्यापुढे उरतात. कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास अर्ज कोठे करावा, हे सांगणारे घरी कोणी नसते. साहाय्य मागणे कमीपणाचे वाटल्यामुळे अनेकजण अडचण बोलून दाखवीत नाहीत, आणि मानसिक ताणाच्या बाबतीत हा संकोच अधिकच असतो. यास्तव विद्यार्थी दाराशी येण्याची वाट न पाहता, त्याची घटती उपस्थिती, थकलेले शुल्क किंवा परीक्षेतील अपयश पाहून शिक्षकानेच प्रथम त्याची विचारपूस करणे, ही या सेवेची सर्वांत साधी व परिणामकारक पद्धती होय. प्रवेशाने शिक्षणाचे दार उघडते; परंतु पदवीपर्यंत टिकून राहणे बहुसंख्य गरीब विद्यार्थ्यांना अशा साहाय्यामुळेच शक्य होते.